पाठीशी उभं राहणं म्हणजे काय?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबची तातडीची बैठक होती. बैठक म्हणजे काय, ग्राउंडच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले आम्ही सात-आठ जण आणि थर्मासमधला चहा. विषय एकच. आंतरग्राम स्पर्धेत आयोजकांनी आमच्या एका मुलाला दोन सामने बाहेर बसवलं होतं. शेजारच्या गावाकडून खेळणाऱ्या एका आफ्रिकन खेळाडूने रेफरीकडे तक्रार केली होती, की आमच्या मुलाने त्याला रंगावरून हिणवलं.

बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या जवळजवळ प्रत्येकाने डीपी बदलला. सगळीकडे आमच्याच मुलाचा फोटो आणि खाली ‘आम्ही तुझ्यासोबत’. मीही बदलला. कुणी सक्ती केली नव्हती, पण नाही बदलला तर कसं दिसलं असतं?

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “तो आमचो भुरगो मरे! आयोजकांना पत्र द्यायलाच हवं. तू कॉलेजात मराठी मंडळात होतास ना? मग तूच लिही. आणि जरा कडक लिही.”

मंडळात शिकलेलं असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि झपाझप तीन वाक्यं लिहिली. आमचा खेळाडू असं करूच शकत नाही. निर्णय एकतर्फी आहे. तक्रार करणारा खेळाडू आधीपासूनच भांडकुदळ म्हणून ओळखला जातो. तिसरं वाक्य लिहून झालं आणि हात थांबला. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, वाचून टाळ्या वाजवल्या होत्या.

डिसेंबर 2011. मी तेव्हा अकरावीत होतो आणि लिव्हरपूलचा कट्टर समर्थक. आपल्या गोव्यात हे समजावून सांगायची गरज नाही. इथे धेंपो, साळगावकर, चर्चिलच्या सामन्यांवर वाद घालणारी माणसंच शनिवार-रविवारी रात्री इंग्लंडच्या क्लबांसाठी जागतात. घरोघरी दोन पक्ष असतात. आमच्या घरी थोरला भाऊ मँचेस्टर युनायटेडचा आणि मी लिव्हरपूलचा. त्यामुळे जेव्हा लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझवर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने आरोप केला, तेव्हा खरं काय आणि खोटं काय हे मी आरोप ऐकण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

आज जे कॉलेजात आहेत त्यांना हे प्रकरण कदाचित ऐकूनच माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 15 ऑक्टोबर 2011 रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर हे दोन संघ खेळले. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. सामन्यानंतर एव्हराने आधी रेफरीला आणि मग एका फ्रेंच वाहिनीला सांगितलं, की सुआरेझने आपल्याला वारंवार रंगावरून बोलून डिवचलं. एव्हरा हा सेनेगलमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय फ्रेंच खेळाडू. सुआरेझ उरुग्वेचा. दोघांची बाचाबाची झाली ती स्पॅनिशमध्ये, युनायटेडच्या गोलसमोर, कॉर्नरची वाट पाहत असताना. सुआरेझने नेमके किती वेळा आणि काय शब्द वापरले हाच वादाचा मुद्दा. एक गोष्ट मात्र त्याने स्वतःच मान्य केली: ‘नेग्रो’ हा शब्द आपण एकदा वापरला.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, एका ज्येष्ठ वकिलाच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचा स्वतंत्र आयोग नेमला. डिसेंबरमध्ये अनेक दिवस सुनावणी चालली. 20 डिसेंबरला निकाल लागला: आठ सामन्यांची बंदी आणि 40,000 पौंड दंड.

आता लिव्हरपूलने काय केलं ते पाहा. त्याच संध्याकाळी क्लबने लांबलचक पत्रक काढलं. सुआरेझने कोणतंही वर्णद्वेषी कृत्य केलेलं नाही अशी आमची ठाम खात्री आहे, एफएने त्याच्यावर कारवाई करायचं आधीच ठरवलं होतं असं दिसतं, त्याचे आजोबा कृष्णवर्णीय होते, आणि आरोप करणाऱ्या खेळाडूचे याआधीचे आरोपही निराधार होते, असा त्या पत्रकाचा सूर. दुसऱ्या दिवशी, 21 डिसेंबरला, विगनच्या मैदानावर सरावासाठी उतरलेल्या लिव्हरपूलच्या सगळ्या खेळाडूंच्या अंगावर सुआरेझचा फोटो छापलेले टी-शर्ट होते. पाठीवर त्याचं नाव आणि 7 हा आकडा. व्यवस्थापक केनी डॅलग्लिश यांनीही तोच टी-शर्ट घातला होता.

मी तो फोटो फेसबुकवर टाकला होता. ‘याला म्हणतात क्लब’ असं काहीतरी वर लिहिलं होतं. थोरल्या भावाशी आठवडाभर धड बोललो नाही.

आयोगाचा सविस्तर निकाल प्रसिद्ध झाला 31 डिसेंबरला. एकशे पंधरा पानं. म्हणजे टी-शर्ट आधी अंगावर चढले आणि निकालाची कारणं दहा दिवसांनी वाचायला मिळाली. या एका गोष्टीवर मला पुढे खूप विचार करावा लागला. क्लबचे वकील सुनावणीला होते, त्यांना पुरावा माहीत होता, हे मान्य. पण आयोगाने कोणाचं म्हणणं का ग्राह्य धरलं, हे वाचण्याआधीच क्लबने जगाला सांगून टाकलं होतं की आयोग चुकला.

त्या एकशे पंधरा पानांत काय होतं? एव्हराचं म्हणणं आयोगाला विश्वासार्ह वाटलं आणि सुआरेझचं वाटलं नाही, हे तर होतंच. का वाटलं नाही, याची कारणंही होती. सुआरेझ म्हणाला, आपण तो शब्द समजुतीच्या, मैत्रीच्या सुरात वापरला. पण त्या मिनिटभरात त्याने एव्हराच्या हाताला चिमटा काढल्याचं चित्रफितीत दिसत होतं. आपण वातावरण निवळावं म्हणून तसं केलं, असं त्याने सांगितलं. ते आयोगाला अजिबात पटलं नाही. दोन माणसं तोंडातोंडी भांडतायत आणि मध्येच एक जण मैत्रीने चिमटा काढतो, हे आपल्याला तरी पटेल का? शिवाय सामना संपल्यावर लिव्हरपूलच्याच दोन माणसांनी सुआरेझकडून जे ऐकलं म्हणून सांगितलं, तेही सुआरेझच्या नंतरच्या जबाबाशी जुळत नव्हतं. शेवटी आयोगाने निष्कर्ष काढला, की तो शब्द सात वेळा वापरला गेला.

आणि ‘याआधीचे निराधार आरोप’? त्या जुन्या दोन प्रकरणांत वर्णद्वेषाची तक्रार मुळात एव्हराने केलेलीच नव्हती. एकात ती टीव्हीवर सामना पाहणाऱ्या प्रेक्षकांनी केली होती आणि दुसऱ्यात त्याच्या क्लबच्या प्रशिक्षकांनी. लिव्हरपूलसारख्या मोठ्या संस्थेने, वकिलांची फौज हाताशी असताना, एका माणसाला जाहीरपणे खोटारडा ठरवलं आणि त्यासाठी जो आधार दिला तोच कच्चा होता.

माझ्या पत्रातलं तिसरं वाक्य आठवा. ‘आधीपासूनच भांडकुदळ म्हणून ओळखला जातो.’ हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. त्या आफ्रिकन खेळाडूला मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, तेही लांबून. आमच्या बाजूला काहीतरी वजन पाहिजे म्हणून ते वाक्य आपोआप आलं. असली वाक्यं अशीच येतात. आपल्या माणसाला वाचवायचं म्हटलं की समोरच्याला पाडावंच लागतं असं आपण धरूनच चालतो.

सुआरेझच्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतंच असं नाही. ते मांडलं नाही तर मी पुन्हा एका पक्षाचाच होईन. दोघांमधलं संभाषण तिसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं. चित्रफितीत आवाज नव्हता. अशा शिस्तभंगाच्या प्रकरणात फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणतं म्हणणं जास्त शक्य वाटतं एवढं पाहिलं जातं. आणि उरुग्वेच्या स्पॅनिशमध्ये ‘नेग्रो’ हा शब्द मित्राला, नवऱ्याला, भावालासुद्धा लाडाने म्हणतात हे खरंच आहे. 1950चा विश्वचषक जिंकणारा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याला तिथे ‘एल नेग्रो हेफे’, म्हणजे काळा सरदार, या नावाने आजही आदराने ओळखतात. आयोगासमोर भाषेच्या दोन तज्ज्ञांचं मत होतं. त्यांनी सांगितलं, सुआरेझ म्हणतो तशा सुरात शब्द वापरला असेल तर तो अपमान होत नाही, पण एव्हरा म्हणतो तशा सुरात वापरला असेल तर होतो. म्हणजे शब्दकोशात निवाडा होणार नव्हता. शब्द कोणी, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हटला यावर सगळं अवलंबून होतं.

हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या घराघरांत एखादा काळू असतो, एखादी काळी असते. त्यात प्रेम असतं हे नाकारता येणार नाही. 2020 साली वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितलं, की हैदराबादच्या आयपीएल संघात असताना त्याला ‘कालू’ म्हणत आणि त्या शब्दाचा अर्थ दमदार घोडा असावा असं तो समजत होता. खरा अर्थ कळल्यावर त्याला राग आला. मग त्या वेळच्या एका सहखेळाडूशी त्याचं बोलणं झालं, आपुलकीनेच म्हणत होतो असं त्याने सांगितलं आणि सॅमीने ते मान्य करून विषय मिटवला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की विषय सॅमीने मिटवला. ज्याला लागलं त्यानेच. हैदराबादच्या संघाने टी-शर्ट घालून तो मिटवला असता तर मिटला असता का?

आणखी एक आठवण. जानेवारी 2008, सिडनी कसोटी. हरभजनसिंगने अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला आणि सामनाधिकाऱ्यांनी त्याच्यावर तीन कसोट्यांची बंदी घातली. आपण सगळे खवळलो. भारतीय मंडळाने अपील केलं. अपिलात न्यायाधीशांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून बंदी उठवली आणि शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन दंड केला. अपील करणं हा मंडळाचा हक्क होता आणि त्यांनी तो वापरला, ते योग्यच झालं. पण अपिलाचा निकाल लागण्याआधीच दौरा सोडून परत येण्याची भाषाही सुरू झाली होती, ती योग्य होती का? आणि त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर 2007 मध्ये, बडोद्याच्या आणि मुंबईच्या स्टेडियममध्ये आपल्याच प्रेक्षकांनी त्याच सायमंड्सला पाहून माकडाचे हावभाव केले होते, हे त्या गदारोळात आपल्यापैकी किती जणांना आठवलं?

इथे लिव्हरपूलकडे परत येतो, कारण खरी मेख इथे आहे. निकाल चुकीचा आहे अशी ठाम खात्री असेल तर अपील करायचं असतं. लिव्हरपूलने अपील केलं नाही. 3 जानेवारी 2012 रोजी क्लबने बंदी स्वीकारत असल्याचं जाहीर केलं. मात्र आमचा खेळाडू निर्दोष, एफएने त्याचं नाव खराब केलं, हे पालुपद सोडलं नाही. म्हणजे शिक्षा मान्य, पण चूक अमान्य. या भूमिकेचं ओझं कोणावर पडलं?

पहिल्यांदा पडलं एव्हरावर. जानेवारीच्या शेवटी एफए कपच्या सामन्यासाठी तो ॲनफिल्डवर आला, तेव्हा त्याच्या पायाला चेंडू लागला की स्टेडियम हुर्यो करत होतं. तक्रार त्याची खरी मानली गेली होती आणि तरी शिक्षा त्यालाच होत होती. ज्यांच्या क्लबने त्याला खोटारडा ठरवलं होतं, ते प्रेक्षक दुसरं काय करणार?

दुसऱ्यांदा पडलं क्लबच्याच कृष्णवर्णीय माणसांवर. ग्लेन जॉन्सन हा लिव्हरपूलचा कृष्णवर्णीय बचावपटू. त्यानेही तो टी-शर्ट घातला होता. युनायटेडचे माजी खेळाडू पॉल मॅकग्रा म्हणाले, मी जॉन्सनच्या जागी असतो तर तो शर्ट जमिनीवर फेकला असता. जॉन्सनने उत्तर दिलं, मी कोणाच्या पाठीशी उभं राहायचं ते मी ठरवीन. त्याचा तो हक्क होता. पण एका कृष्णवर्णीय खेळाडूला जगासमोर असं उत्तर द्यायची वेळ क्लबने का आणावी? हाच तो क्लब, जिथे 1980 मध्ये हॉवर्ड गेल हा लिव्हरपूल शहरातच वाढलेला मुलगा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून उतरला. 1987 मध्ये जॉन बार्न्सला याच क्लबने घेतलं आणि प्रेक्षकांनी फेकलेलं केळं बार्न्सने टाचेने मैदानाबाहेर ढकललं, तो फोटो आजही सगळ्यांना माहीत आहे. बार्न्सला घेणारे व्यवस्थापक होते केनी डॅलग्लिश. तेच डॅलग्लिश, ज्यांनी चोवीस वर्षांनी तो टी-शर्ट घातला. मला हे वाचून राग आला नाही, भीती वाटली. चांगली माणसं, चांगला इतिहास असलेली संस्था, आणि तरी आपला माणूस अडकला म्हटल्यावर सगळा इतिहास बाजूला.

तिसऱ्यांदा पडलं खुद्द सुआरेझवर, आणि हे मला सर्वांत उशिरा कळलं. आयोगाने सुआरेझला वर्णद्वेषी माणूस ठरवलंच नव्हतं. एव्हरानेही तो वर्णद्वेषी आहे असं आपलं म्हणणं नाही असंच सांगितलं होतं. म्हणजे ‘मी तसा नाही, पण त्या दिवशी मी जे बोललो ते चूक होतं, माफ कर’ असं म्हणायला दार उघडं होतं. त्यात ना त्याचं करिअर संपलं असतं, ना क्लबची अब्रू गेली असती. पण सगळा क्लब छातीवर तुझा फोटो लावून उभा असताना तू ‘माझं चुकलं’ कसं म्हणणार? ज्यांनी तुझ्यासाठी एवढं केलं त्यांनाच खोटं पाडल्यासारखं होईल. त्या टी-शर्टांनी ते दार बंद केलं.

पुढे जे झालं ते झालंच. बंदी संपल्यावर 11 फेब्रुवारी 2012 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. सामन्याआधी रांगेत सुआरेझने एव्हराशी हात मिळवला नाही. टीव्हीवर सगळ्या जगाने ते पाहिलं. प्रायोजक बँकेने नाराजी कळवली, अमेरिकेतल्या मालकांना लक्ष घालावं लागलं. दुसऱ्या दिवशी सुआरेझने माफी मागितली, डॅलग्लिश यांनी माफी मागितली, आणि क्लबचे व्यवस्थापकीय संचालक म्हणाले की हात मिळवण्याबाबत सुआरेझने आमची दिशाभूल केली. दोन महिने ज्याच्यासाठी सगळे एकत्र उभे होते, त्याला एका दिवसात एकटं पाडलं. अशा पाठिंब्याचा शेवट बऱ्याचदा असाच होतो, कारण तो माणसाला नसतोच, क्लबच्या नाकाला असतो.

2019 मध्ये इंग्लंडच्या एका वाहिनीवर एव्हरा आणि लिव्हरपूलचा माजी बचावपटू जेमी कॅरागर शेजारी बसले होते. कॅरागरने सगळ्यांसमोर एव्हराची माफी मागितली. आम्ही फार मोठी चूक केली, आणि हा शर्ट मी घालणार नाही असं म्हणण्याचं धैर्य त्या दिवशी माझ्यात नव्हतं, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता. त्यानंतर क्लबच्या मुख्याधिकाऱ्यांचंही माफीचं पत्र आल्याचं एव्हराने सांगितलं. आठ सामन्यांची बंदी दोन महिन्यांत संपली होती. माफीला आठ वर्षं लागली.

‘धैर्य नव्हतं.’ हे शब्द मला त्या रात्री, माझ्या अर्धवट पत्रासमोर बसून आठवले. कारण डीपी बदलताना माझ्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन ठिकाणी गेलो. आधी ज्याच्यावर बंदी आली त्या मुलाकडे. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला सरळ विचारलं, “म्हटलंस का?” तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हटलं. पण रागाने नाही ओ. सगळेच म्हणतात.” कोणता शब्द ते मी इथे लिहितो, कारण आपण सगळे तो ओळखतो आणि ओळखत नसल्याचा आव आणतो: ‘खाप्री’.

मग गेलो आमच्या लेफ्ट-बॅककडे. त्याला लहानपणापासून अख्खा गाव याच नावाने हाक मारतो. त्याचं खरं नाव स्पर्धेच्या यादीत लिहिताना दर वेळी कोणीतरी विचारतं, “अरे, ह्याचं नाव काय?” त्यानेही डीपी बदलला होता. मी विचारलं, “तू का बदललास?” तो हसला. म्हणाला, “मी नसता बदलला तर तुम्ही सगळ्यांनी विचारलं असतं ना, का नाही बदलला म्हणून.” मग जरा थांबून म्हणाला, “त्या आफ्रिकनाने रेफरीला सांगितलं. मी कोणाला सांगणार होतो?”

इतकी वर्षं मी त्याला ते नाव घेऊन पास मागत आलो होतो. त्याच्या तोंडचं हे वाक्य ऐकून मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

म्हणून मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. आपल्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं चूक नाही. उलट ते करायलाच हवं. तो एकटा पडला असेल तर त्याच्या घरी जायला हवं, त्याची बाजू नीट मांडली जाईल हे पाहायला हवं, शिक्षा जास्त वाटत असेल तर अपील करायला हवं, आणि शिक्षा संपल्यावर त्याला पुन्हा संघात हक्काने घ्यायला हवं. पण ‘तू आमचा आहेस’ आणि ‘तू काहीच केलं नाहीस’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं क्लबने म्हणावं. दुसरं म्हणण्याआधी क्लबला ते माहीत असायला हवं. आणि ‘समोरचा खोटारडा आहे’ हे तिसरं वाक्य तर पहिल्या दोघांत कुठेच येत नाही. लिव्हरपूलने तिन्ही वाक्यं एका टी-शर्टवर छापली. आम्ही ती एका डीपीत बसवली.

कोणी म्हणेल, तो क्लब अब्जावधींचा आणि तुमचं गावचं ग्राउंड, तुलना कशाला? पण आमच्याकडे वकील नाहीत, आयोग नाही, एकशे पंधरा पानांचा निकाल नाही. आमच्याकडे फक्त एकमेकांना खरं सांगण्याची सोय आहे. ती गेली तर आमच्याकडे काहीच उरत नाही. आणि पाहुणा म्हणून येणारा तो आफ्रिकन खेळाडू एका मोसमापुरता येतो, जातो. लेफ्ट-बॅक इथेच राहणार आहे.

मी पत्र नव्याने लिहिलं. आमच्या खेळाडूने तो शब्द वापरल्याचं मान्य केलं आहे. त्याबद्दल क्लब त्या खेळाडूची माफी मागतो. दोन सामन्यांची बंदी आम्हाला मान्य आहे. आमचा खेळाडू स्वतः भेटून माफी मागायला तयार आहे. तो आमच्या क्लबचा आहे आणि तिसऱ्या सामन्याला तो आमच्याकडून खेळेल.

अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, “कडक लिही म्हटलं होतं.” मी म्हटलं, “हेच कडक आहे.” कमिटीत बराच वेळ वाद झाला. दोघांनी सही करायला नकार दिला, त्यांतला एक माझा चुलतभाऊ. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण पत्र गेलं.

आमचा मुलगा त्या खेळाडूला भेटला. मी बरोबर होतो. पाचेक मिनिटांचं काम. मुलगा इंग्रजीत अडखळत दोन वाक्यं बोलला, त्या खेळाडूने मान हलवली, हात पुढे केला. मिठ्या वगैरे काही झाल्या नाहीत. परत येताना मुलगा म्हणाला, “बरं झालं एकदाचं.” बस एवढंच.

लेफ्ट-बॅकला मी आता त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो. बाकीचे अजून हसतात. पहिल्या दिवशी मैदानावर मी तशी हाक मारली, तेव्हा त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतोय.